दाजींची पिवळी रेघ

जगातलं प्रत्येक काम आपला जीव घ्यायला टपून बसलेलं आहे, अशी पक्की खात्री असूनही रोज सकाळी शीळ घालत कामाला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या आक्काचे मालक, आमचे दाजी. बैलगाडीत बसायच्या आधी ते गाडीभोवती एक फेरी मारायचे, चाकाची खीळ हलवून बघायचे, मग बैलांच्या डोळ्यांत बघून "आज बरे दिसत्यात" असं म्हणून वर चढायचे. कुणी जेवायला पाट मांडला तर आधी आढ्याकडं नजर टाकायचे, डोक्यावर काही लोंबत नाही ना याची खात्री करायचे आणि मगच मांडी घालायचे. घंटा वाजवण्याआधी घंटेची कडी तपासणारा भक्त अणदूरच्या खंडोबानंसुद्धा दुसरा पाहिला नसेल.

दाजी मूळचे ट्रॅक्टरचे मिस्त्री. ढोकीच्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर बिघडला की त्यांना बोलावणं यायचं. बहात्तरच्या दुष्काळात आख्खं गाव रस्त्यावर खडी फोडत होतं, तेव्हा दाजी कामाच्या शोधात मुंबईला गेले आणि तिथनं अरबांच्या मुलखात, तेलविहिरीवर. काही वर्षांनी परत आले तेव्हा बरोबर एक रेडिओ होता, एक पिवळं हेल्मेट होतं आणि निम्मे कान होते. उरलेले निम्मे तिकडच्या मशीननं ठेवून घेतले, असं आक्का सांगायची. त्यामुळं रेडिओ गल्ली ऐकायची आणि दाजी त्याचा दिवा बघून मान डोलवायचे. हेल्मेटला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. शेतात हेल्मेट, बाजारात हेल्मेट, लग्नाच्या वरातीत फेट्यावर हेल्मेट. खंडोबाच्या जत्रेत भंडारा उधळून सगळ्यांची डोकी पिवळीधमक झाली की दाजी खूश व्हायचे. म्हणायचे, "बघा, शेवटी समद्यांनी घातलंच की न्हाय?"

त्या सुमाराला आमच्या गावच्या सोसायटीनं गोबरगॅसची मोठी टाकी बांधली. त्या गॅसवर इंजिन चालायचं आणि इंजिनावर तेलाची गिरणी. गावची करडई आणि शेंगा गावातच गाळायच्या, असा बेत होता. सोसायटीचे चेअरमन म्हणजे माझे सासरे, आमचे मामंजी. त्यांनी मिस्त्री म्हणून दाजींना नेमलं. दाजींची विहीर दुष्काळात आटली होती ती पुन्हा धड भरलीच नव्हती, तेव्हा आक्काची चूल त्या नोकरीवरच पेटत होती. घरोघरचं शेण पाट्यांनी वाहून टाकीत कालवायचं काम आम्हा बायांकडं. त्यात आक्का होती आणि मीही होते. चेअरमनची सून शेण वाहते म्हटल्यावर बाकी कुणाला लाज वाटायची नाही, असा मामंजींचा विचार.

इंजिन आलं तेव्हा विकणाऱ्या माणसानं काळजी कशी घ्यावी याचा एक छापील कागद दिला होता. पट्ट्यात हात घालू नये, सैल कपडे घालू नयेत, वगैरे. दाजींनी तो वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाले, "हे पिठाच्या गिरणीपुरतं ठीक हाय. मशीन तेच, पर हवा निराळी. साध्या गिरणीत पट्टा हात खातोय. गॅसपाशी त्याच पट्ट्याची ठिणगी पडली तर आख्खी खोली खाती. नियम हवा बघून शिवावा लागतोय, सदऱ्यागत." आणि तेलविहिरीवरचे सगळे नियम त्यांनी आमच्या गावाच्या मापानं शिवायला घेतले.

पहिल्यांदा त्यांनी इंजिनखोलीच्या दारापुढं थोडं अंतर सोडून जमिनीवर पिवडीनं एक पिवळी रेघ ओढली. रेघेच्या आत बिडी नाही, काडेपेटी नाही, कंदील नाही आणि खिळ्यांच्या वहाणा नाहीत, कारण लोखंडाचा खिळा दगडावर घासला की ठिणगी उडते. आता आमच्या गावात बिनखिळ्यांची वहाण कुणाच्या पायात असणार? त्यामुळं रेघेवर रोज देवळापुढं पडावा तसा वहाणांचा ढीग पडायचा. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री असते म्हणून बैलही रेघेबाहेर. तेलविहिरीवर लोखंडी हातोडा चालत नसे, पितळी वापरायचे. इथं पितळी हातोडा कुठनं आणायचा? दाजींनी एक दिवस आक्काचा रुखवतातला पितळी तांब्या उचलला, उमरग्याला एका ओताऱ्याकडं नेला आणि संध्याकाळी हातोडा घेऊन घरी आले. आक्का दारातच उभी राहिली. "माझ्या आईनं दिल्याला तांब्या तो! आता आल्यागेल्याला पाणी काय हातोड्यातनं देऊ?" दाजींनी हातोडा तिच्यापुढं धरला आणि अभिमानानं म्हणाले, "व्हय, लई मजबूत झालाय." त्यानंतर बरेच दिवस आक्का त्यांच्याशी बोलली नाही. पण दाजींना ते उशिरा कळलं. त्यांना वाटलं, कान आणखी गेले.

दाजींचं म्हणणं असं, की पट्टा फिरताना त्याच्या अंगात वीज साचते, ती जमिनीत सोडून दिली पाहिजे. त्यासाठी त्यांनी खोलीच्या मागं खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून त्यात तार पुरली. तो खड्डा कायम ओला ठेवायचा. आणि नेमका त्या साली पाऊस रुसलेला. बाया घागरी घेऊन टँकरमागं धावताहेत आणि दाजी मातीत पाणी ओतताहेत, हे बघून गावात मोठा गलका झाला. "माणसाच्या नरड्याला थेंब न्हाय आन् ह्यो भुईला पाजतोय," असं एक म्हातारी त्यांच्या तोंडावर बोलली. दाजींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आंघोळीलाच त्या खड्ड्यावर बसायला लागले. एकच बादली, तीच अंगाला आणि तीच विजेला. पाहुणे आले की आक्का सांगायची, "बसा, मशीनची आंघोळ चाललीय, येतीलच."

टाकीजवळ त्यांनी एक उंच बांबू रोवला आणि त्याच्या टोकाला आपल्या जुन्या पायजम्याची एक नळी बांधली. वारा आला की ती फुगायची. गॅस सुटला तर वारा जिकडनं येतो तिकडं चालत सुटायचं, नळी दिशा सांगते, असा नियम. परगावचा एक माणूस रस्त्यानं जाताना थांबला, वहाणा काढून नळीला हात जोडले आणि "ह्यो कुठल्या पिराचा झेंडा?" म्हणून विचारू लागला. "पायजम्याचा," असं दाजींनी प्रामाणिकपणे सांगितलं. धोका झाला तर सगळ्या गावानं कडुलिंबाच्या झाडाखाली जमायचं, हाही एक नियम होता. त्याची तालीम म्हणून दाजी मधूनच, कुणाला न सांगता, घंटेसारखा टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचे. पहिल्या तालमीला माझ्या सासूबाई लोणच्याची बरणी कडेवर घेऊन लिंबाखाली आल्या. दाजी म्हणाले, "विहीणबाई, जीव वाचवायचा हुता, लोणचं न्हाय." सासूबाई म्हणाल्या, "आन् जीव वाचल्यावर भाकरी कशासंगं खायची?"

पण दाजींचा सगळ्यांत लाडका नियम निराळाच होता. तेलविहिरीवर म्हणे ज्याला धोका दिसेल त्यानं 'थांबा' म्हणून ओरडायचं. तो साहेब असो नाहीतर झाडूवाला. ओरडलं की काम थांबलंच पाहिजे. का ओरडलास ते नंतर विचारायचं, आणि ओरडणारा चुकला तरी त्याला रागवायचं नाही. दाजींनी त्याला आपल्याकडची जोड दिली: ज्याला थांबवलं त्यानं थांबवणाऱ्याला नारळ द्यायचा. मानपानाशिवाय आपली माणसं नियम पाळत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

हा नियम इंजिनखोलीच्या भिंतीवर लिहायचा होता. दाजींचं अक्षर मुंग्या पांगल्यासारखं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर गोल होतं, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. पुरुषमाणसं यायच्या आत, सकाळी लवकर जाऊन, चुन्याच्या भिंतीवर मी गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: दिसलं की ओरडा. आधी ओरडा, मग विचारा.

आणि हे लिहिणारीला ओरडणं सोडा, धड बोलतासुद्धा येत नव्हतं. मामंजी ओसरीवर असले की मी आत पातेलंही आवाज न करता ठेवायची. माझी मुलं शाळेत जायला लागली तरी मामंजींनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. दाजींच्या कानांपर्यंत तो पोचण्याचा तर प्रश्नच नव्हता. एकदा त्यांनी आम्हा सगळ्या बायांना रेघेवर ओळीनं उभं करून ओरडण्याची तालीम घेतली. आक्काची 'थांबा' अशी हाक ऐकून सडकेवरून जाणारी एस.टी. थांबली. मग माझी पाळी आली. मी पदर सावरला, तोंड उघडलं, ओठ हलवले. दाजी कानामागं हात धरून उभे.

"ओरडा की मेव्हणीबाई."

"ओरडले," मी म्हणाले. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

बाया पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. दाजी हसले नाहीत. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. एकेका विहिरीचं पाणी लई खोल असतंय. म्हणून न्हाय असं न्हाय."

पुढं त्या नारळानं घोटाळा केला. नारळाच्या आशेनं लोक काहीही दिसलं की ओरडायला लागले. एका आजोबांनी इंजिनावर पाल बसली म्हणून काम थांबवलं आणि नारळ घेऊन गेले. दुसरा एक जण ढग दिसला म्हणून ओरडला. दुष्काळात ढग दिसल्यावर ओरडलं तर त्यात काय चुकलं, असं म्हणून दाजींनी त्यालाही नारळ दिला, तोही स्वतःच्या घरचा. गिरणी दिवसातनं कितीदा तरी थांबायची, करडईची पोती दारात पडून राहायची. शेवटी मामंजींचा संयम संपला. एका सकाळी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, आता विनाकारण एकदा जरी काम थांबलं, तर तुम्ही तुमचा पितळी हातोडा घेऊन घरी बसायचं. मी दुसरा माणूस बघतो."

हे मात्र दाजींना पहिल्या खेपेत ऐकू गेलं. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले. शेण कालवता कालवता आक्का मला म्हणाली, "धाकटे, ह्यांची नोकरी आता लोकांच्या जिभेवर हाय गं." त्या दिवसापासून रेघेजवळ सगळे ओठ मिटून वावरू लागले. भिंतीवरचं माझं अक्षर तसंच होतं, पण ते कुणी वाचेना.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं अवजारं आणि यंत्रं धुऊन-पुसून पुजतात, गिरणीला सुट्टी असते. या पूजेलाही दाजींनी आपलं माप लावलं होतं. हळद-कुंकू, फुलं, हार सगळं आत. दिवा आणि कापूर मात्र रेघेबाहेर. तिथनंच ओवाळायचं. "इंजिनाला दिसतंय की तिथनं," असं ते म्हणायचे. मामंजींना ते पटत नव्हतं, पण आदल्या साली त्यांनी चालवून घेतलं होतं. या साली मात्र बँकेचे एक साहेब पूजेला यायचे होते.

सकाळपासून बाया इंजिनखोली सजवत होत्या. दुष्काळातही आक्काच्या परसात भांड्याच्या पाण्यावर झेंडू फुलला होता. तिनं मनगटाएवढा जाड हार गुंफला. आता इंजिनाला हार घालायचा तर अडकवायचा कुठं? गॅसच्या नळाला एक लांब दांडा होता. तो आडवा असला की नळ बंद, खाली आला की उघडा. हार अडकवायला आख्ख्या खोलीत इतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. आक्कानं तिथं हार अडकवला, लांबनं बघितला, छान दिसतोय म्हणाली आणि साडी बदलायला घरी गेली. दाजी त्याच्या आधीच सगळं तपासून, मशीन आणि स्वतः अशी दोघांची आंघोळ उरकायला मागच्या खड्ड्यावर गेले होते.

गुरांना खंडेनवमीची सुट्टी नसते, म्हणून मी शेवटची पाटी डोक्यावर घेऊन निघाले होते. रेघेजवळ आले तेव्हा समोरून मामंजी येत होते. अंगात नवा सदरा, हातात पूजेचं ताट, ताटात पेटलेला कापूर आणि नारळ. शेजारी बँकेचे साहेब, मागं गाव. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाजूला उभी राहिले. मामंजी रेघेवर थांबले आणि तिथनंच ओवाळायला लागले. साहेबांनी विचारलं, "आत नाही का ओवाळत?"

मामंजींचा चेहरा पडला. "छे छे, आतच की," ते म्हणाले आणि त्यांनी पाय उचलला.

तेवढ्यात मला वास आला. सडक्या अंड्यासारखा, गॅसचा वास. पण डोक्यावर शेणाची पाटी असलेल्या बाईनं वासाचं काय सांगावं? मी दारातनं आत बघितलं. नळाच्या जागी झेंडूच झेंडू दिसत होता. दांडा आडवा होता की खाली, काही कळत नव्हतं. वास पाटीचा निघाला तर विनाकारण थांबवलं असं होणार, दाजींचा हातोडा घरी येणार, आक्काची चूल विझणार. आणि साहेबांदेखत सासऱ्यावर ओरडलेल्या सुनेचं काय होणार, ते मला कुणी सांगायला नको होतं. मामंजींचा पाय रेघेवरून पलीकडं चालला होता. समोरच्या भिंतीवर माझंच अक्षर होतं.

"थांबा!"

कोण ओरडलं हे बघायला मीही मागं वळले. पाटी खाली पडली होती. मामंजींचा पाय वरच्या वर राहिला होता, ताट हलायचं थांबलं होतं, आणि साहेबांनी का कुणास ठाऊक, दोन्ही हात वर केले होते. तेवढ्यात खोलीमागनं दाजी धावत आले. कमरेला ओला पंचा, तोंडभर साबण आणि डोक्यावर हेल्मेट. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. हवेत एकदा नाक वर केलं आणि म्हणाले, "चेअरमनसाहेब, ताट घेऊन मागं फिरा. पळू नगा. समद्यांनी नळीकडं बघून चाला."

सगळ्या गावानं पायजम्याकडं बघितलं आणि वाऱ्याच्या तोंडाला निमूट चालत लिंब गाठला. दाजी श्वास धरून आत गेले, हार काढला, दांडा आडवा केला, खिडक्या सताड उघडल्या आणि बाहेर आले. हात मोकळे हवेत म्हणून हार त्यांनी गळ्यात टाकला होता. साबणातून आलेल्या त्या नवरदेवाला बघून, साडी बदलून येणारी आक्का रस्त्यातच मटकन खाली बसली. हाराच्या वजनानं दांडा खाली येऊन नळ उघडला होता, खोली गॅसनं भरलेली होती, हे त्यांनी हातांच्या खुणेनंच सांगितलं. तोपर्यंत लिंबाखाली सासूबाई येऊन पोचल्या होत्या. कडेवर बरणी होती.

सगळे मामंजींच्या ताटातल्या नारळाकडं बघायला लागले. नियम सगळ्यांना पाठ होता. मी मान खाली घालून, माहेरी नेण्यासाठी कुठली पिशवी बरी, याचा विचार करत होते. मामंजींची पावलं माझ्यासमोर येऊन थांबली. ताटातला कापूर विझला होता. त्यांनी नारळ उचलून माझ्यापुढं धरला.

"घे सूनबाई," ते म्हणाले. "ह्यो फोडायला दगड लागायचा न्हाय. तू नुसती ओरड."

आख्खा लिंब हसला. मामंजी स्वतः हसायचे म्हणजे मिशा दाबून हसायचे, त्या दिवशी त्यांच्या मिशा दबल्या नाहीत. मग दाजींकडं वळून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्री, अंग पुसा. उद्या करडई गाळायचीय." आक्कानं डोळ्याला पदर लावला. दाजी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात, म्हणाले, "मेव्हणीबाई, कानात साबण हुता तरी ऐकू आलं बघा."

पुढं दुष्काळात गुरं कमी झाली, शेण मिळेना, आणि टाकी बंद पडली. नंतर गिरणीला वीज आली. दाजींनी बांबू नळीसकट उपटून आपल्या अंगणात रोवला. आमच्या घरी खंडेनवमीला अजून दिवा उंबऱ्याबाहेर ठेवतात. माझ्या सुनांना वाटतं हा आमच्या कुळाचा आचार आहे. मीही तसंच राहू दिलंय. दाजींचे कान हळूहळू पुरते गेले. आक्का घसा फोडून जेवायला बोलवायची, त्यांना पत्ता नसायचा. पण मी दारात उभी राहून नुसते ओठ हलवून 'थांबा' म्हटलं, की ते हातातला घास तसाच धरून थांबायचे आणि हसायचे. म्हणायचे, "तुमचं तेवढं ऐकू येतंय."

ते गेले त्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हतं. त्यांना उचलायला लागले तेव्हा तोच शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. ओरडले असते तर सगळे थांबले असते, आमच्या गावाला तेवढी सवय होती. मी ओरडले नाही. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली आक्का, जन्मभर त्या तांब्यावरून भांडलेली आक्का, एकदम म्हणाली, "तिकडं सरणापाशी वारा बघून उभं ऱ्हावा म्हणावं समद्यांना."

खांदा द्यायला वाकलेल्या माणसांनी, म्हाताऱ्यांनी, बायांनी, सगळ्यांनी माना वर करून बांबूकडं बघितलं. पायजम्याची नळी हळूच फुगली आणि गावाबाहेरच्या वाटेकडं वळली.